तीन दिवस मी कुणाकडेच नव्हते

माझ्या आईवडिलांची काडीमोड झाली तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. आमच्या जातीत तेव्हा कोर्टकचेरीची पायरी कुणी चढत नसे. पाच पंच बसत, दोन्हीकडची माणसं बसत, नवराबायको एक वाळलेली काडी दोन टोकांना धरून मोडत आणि आपापल्या वाटेने उठून जात. मी ती काडी पाहिली नाही, मला शेजारी खेळायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा माय मामाबरोबर निघालेली होती आणि बाबा मशीनवर बसून कुणाचा तरी पायजमा शिवत होते. काडीमोड का झाली याच्या दोघांच्या दोन कहाण्या होत्या. दोन्ही मी पुष्कळदा ऐकल्या, दोन्ही मला खऱ्या वाटल्या, आणि आता त्या उगाळण्यात अर्थ नाही. सांगायचं आहे ते पंचांनी घातलेल्या अटीबद्दल. पुन्हा भांडण नको म्हणून त्यांनी ठरवून दिलं की दोघांनी एकमेकांच्या दारचं पाणी घ्यायचं नाही आणि एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. आणि त्याच बैठकीत, त्याच तोंडाने, हेही ठरवलं की शाळेचे दिवस पोर बापाकडे रिसोडला राहील, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत आईकडे शिरपूरला, आणि तिचं सगळं दोघांनी मिळून बघायचं. न बोलता मिळून कसं बघायचं, हे त्या पाच शहाण्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी मला त्यांचा राग येतो.

बाबा शिंपीकाम करत. एका जैन शेठजींच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांची मशीन असे. दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला की थोड्या वेळाने आमच्या मशीनचा आवाज सुरू व्हायचा. माझे सगळे फ्रॉक उरलेल्या तुकड्यांचे असत, पण बाबा ते असे जोडत की बाजारात बायका थांबून विचारत. घरी आम्ही दोघंच. दुष्काळ नुकताच सरला होता आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी अजून तव्यावरून गेल्या नव्हत्या. त्या भाकरी थापल्या की फुटत, म्हणून बाबा त्या हाताने थापायच्या भानगडीत न पडता ताटलीवर दाबून करत. कडा तळहाताएवढ्या जाड. वर अंबाडीची भाजी नाहीतर नुसता तिखटाचा भुरका. भाकरी कशीही असो, पहिली मला मिळे.

शिरपूरला माय मामाच्या घरी मागच्या खोलीत राहत होती आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. तिच्या बोटांचा वेग मला अजून दिसतो. पान, काडी, पान, काडी, आणि काडी मोडल्याचा बारीक आवाज. लग्नसराईत तर दिवसभर तो आवाज चालू असे. मामी वाईट नव्हती, पण तिचं तोंड दिवसभर चालायचं, आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा वरण पडलं की ती भांडं जरा जोरात खाली ठेवायची. माय मग पुढच्या जेवणात स्वतः एक भाकर कमी खायची. मला वाटे, हे फक्त मलाच दिसतं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाबा मला मालेगावच्या एसटीत बसवून देत आणि शिरपूरला माय उतरवून घेई. सोमवारी पहाटे उलटा प्रवास. बाबा गाडी हलली की मागे वळत आणि माय गाडी यायच्या वेळेलाच पोचे, त्यामुळे दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. आणि दोघांना एकमेकांना जे काही सांगायचं असे ते माझ्या हाती, म्हणजे माझ्या तोंडी, पाठवलं जाई. शाळेची फी, माझा खोकला, दिवाळीचा फ्रॉक इथपासून ते “तुह्या बाबाले सांग, त्यायची बहीन गावात काय बोलून राह्यली ते मले समजलं” इथपर्यंत. बाबांना निरोप सांगायचा असला की मशीन थांबे. माझ्याकडे न बघता, सुईत दोरा ओवत ते बोलत. मी सुरुवातीला सगळं जसंच्या तसं पोचवलं. त्याने काय होतं ते बघितलं आणि मग मी त्यात हात घालायला लागले. बाबा म्हणत, तुझ्या आईला अक्कल नाही. मी सांगे, बाबा म्हणाले बरं. माय म्हणे, असल्या माणसाच्या तोंडाला कोण लागणार. मी सांगे, मायला काम होतं. नऊ-दहा वर्षांची पोर मी, पण अशा थापा मारत असे की एखाद्या मुरब्बी दलालाने तोंडात बोट घालावं. आणि ते दोघे माझ्यावर विश्वास ठेवत, कारण मी खोटं बोलत नाही असं दोघांनाही वाटे. त्यांचं एकमत असलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

मग दिवाळीच्या आधीच्या सोमवारी, पहाटे गाडीची वाट बघताना, माय पदराने माझं तोंड पुसता पुसता म्हणाली, “तुह्या बाबाले सांगजो, पोट्टीले आता तिकडंच ठेवा. मले इथं जमत नाई.” एवढंच. मी मान हलवली. रिसोडला उतरले आणि बाबांना सांगितलं, माय बरी आहे. तो निरोप मी पोटात ठेवला. आठवडाभर तो तसाच राहिला. मला वाटलं, सांगितलाच नाही तर तो खरा होणार नाही. दिवाळीची सुट्टी लागली, आठ दिवस शिरपूरला जायचं होतं. शनिवारी सकाळी बाबांनी मला निळ्या छिटाचा नवा फ्रॉक घातला, केसांना तेल लावलं, आणि स्टँडवर जाताना रस्त्यातच म्हणाले, “तुह्या मायले सांग, पुढच्या महिन्यात घरात नवी बाई येऊन राह्यली. पोरीले आता तिकडंच राहू दे म्हना.”

मला त्या क्षणी रडू आलं नाही. रडायचं कशाचं, तेच कळत नव्हतं. मायचा निरोप बाबांना ठाऊक नव्हता, बाबांचा मायला पोचायचा होता. इकडचं दार लागलं हे तिकडे माहीत नव्हतं आणि तिकडचं लागलं हे इकडे. दोन्ही दारं लागलेली फक्त मला दिसत होती. बाबांनी मला खिडकीशी बसवलं, वाकून म्हणाले, “नीट जाजो”, आणि गाडी निघाली.

बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या शेजारी एक बाई बांगड्यांची दोन मोठी गाठोडी मांडीवर घेऊन बसली होती. गाडीला धक्का बसला की सगळ्या बांगड्या एकदम वाजत. ती हलीमाबी. चाळिशीची, काळी-सावळी, तोंडात तंबाखू, आणि कुणी गाठोड्याला धक्का दिला की अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलणारी. मधल्या एका फाट्यावर ती उतरायला उठली. मी एक गाठोडं उचललं, तिचा पदर धरला आणि तिच्यामागोमाग उतरले. कंडक्टरला काय, कुणालाही वाटलं असतं की पोर त्या बाईची आहे. ठरवून केलं का, असं माझी मुलगी मला विचारते. ठरवलं असं काही नव्हतं. फक्त शिरपूर आलं की तो निरोप सांगावा लागेल, आणि शिरपूर येण्याआधी गाडी थांबली होती.

गाडी गेली. हलीमाबीने वळून बघितलं. “काव पोट्टे, तू कायले उतरली?” मी गाठोडं पुढे केलं. तिने नाव विचारलं, मी सांगितलं, सुमन. गाव विचारलं, मी गप्प. बाप कोण, मी गप्प. ती चिडली, मग तिने कपाळावर हात मारला, मग मला घरी घेऊन गेली. फाट्यापासून दहा पावलांवर तिची खोली, पुढे कुडाचा आडोसा आणि दावणीला एक म्हातारी बकरी. तिने चहाच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं, गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवलं, की निळ्या फ्रॉकची पोर शोधत कोणी आलं तर माझ्याकडे पाठवा. आता पुढच्या गाडीने कुणीतरी छाती बडवत येईल, अशी तिची खात्री होती. माझीही होती. खरं सांगायचं तर मला त्याची थोडी मजाच वाटत होती. बकरीच्या दुधाचा चहा मी पहिल्यांदा प्याले, खिचडी खाल्ली, बांगड्या रंगाप्रमाणे लावून ठेवल्या आणि वाट पाहिली.

रविवारी प्रत्येक गाडीला हलीमाबी उठून फाट्यावर गेली. येताना तिचं तोंड आधीपेक्षा आणखी वाईट झालेलं असे. सोमवारी ती उठली नाही, दारातूनच बघितलं. सोमवारी दुपारी मात्र मी स्वतः जाऊन उभी राहिले. रिसोडकडून गाडी आली, शिरपूरकडून आली. माणसं उतरली, चहा प्याली, चढली. कुणीही निळ्या फ्रॉकबद्दल विचारलं नाही. तिथे उभं असताना माझ्या ध्यानात आलं ते मी अजून विसरलेले नाही. मला कुणी शोधत नव्हतं. रागावून नाही, टाकून देऊन नाही. मी हरवले आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. दोन घरं, दोन माणसं, दोघांचा माझ्यावर जीव, आणि तीन दिवस मी कुणाकडेच नव्हते.

त्या दुपारी मी हलीमाबीला सगळं सांगितलं. काडी, पंच, दोन्ही निरोप. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला कळेल की ही केवढी गोष्ट होती. नंतर तिने तिचं सांगितलं. तिलाही नवऱ्याने सोडलं होतं. मुलगा होता, तो सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. “माह्या पोराचं असंच झालं, बेटा. दोन घरांत वाढला, एकाबी घराचा नाई झाला.” तो हैदराबादला की कुठे होता, सात वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. मग ती उठली, टपरीवर गेली, आणि जाणाऱ्या दोन्ही गाड्यांतल्या ओळखीच्या माणसांकडे सांगून पाठवलं: एकाने रिसोडला शिंप्याला सांगायचं, दुसऱ्याने शिरपूरला पत्रावळीवालीला. तुमची पोर माझ्याकडे आहे, उद्या सकाळी या.

मंगळवारी आधी बाबा आले. गळ्यात मापाची टेप तशीच होती. ते माझ्याकडे आले, डोक्यावर हात ठेवला, काही बोलणार एवढ्यात समोरून शिरपूरची गाडी आली आणि माय उतरली. पायात मामाच्या चपला, हात पानांनी हिरवे. तिने मला बघितलं, बाबांना बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. “पाठवायची नसन तं नका पाठवू. पन पोरीले असं परक्याच्या दारात टाकता?”

बाबा म्हणाले, “म्या तं शनवारीच तुमच्याकडं पाठवली.”

“माह्याकडं आलीच नाई. मले वाटलं, तुमीच रागानं ठेवून घेतली.”

हलीमाबी दारात उभी होती. तिने तंबाखू थुंकली आणि विचारलं, “आज कोनता वार हाय?” मग तिनेच बोटांवर मोजलं. “शनवार ते मंगळवार. ह्या पोरीले सापानं डसलं असतं, तं कोनाले समजलं असतं?”

माझ्या आईवडिलांचे त्या क्षणी झाले तसे चेहरे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत, माणसं मेली तेव्हाही नाही. माय उभी होती तिथेच मातीत बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. बाबा टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळत राहिले, गुंडाळायची संपली तरी हात फिरत होता. तीन रात्री बाबा रिसोडला शांत झोपले होते की पोर आईजवळ आहे. तीन रात्री माय शिरपूरला बाबांना शिव्या देत जागली होती, पण मानापायी एक माणूस पाठवून विचारलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांचा इतका संताप आला की मी दोघांपैकी कुणाजवळही गेले नाही, बकरीजवळ जाऊन उभी राहिले.

हलीमाबीने मला तिथून ओढून मध्ये उभं केलं. “बोल बेटा. याचं तिले सांग, तिचं याले सांग. अन् मंग जिंदगीत कोनाचं कोनाले सांगू नको.” मी सांगितलं. काही न गाळता, काही न घालता, पहिल्यांदाच. माय म्हणते मला बाबांकडे ठेवा. बाबा म्हणतात मला मायकडे ठेवा.

मग माय, बाबांकडे न बघता हलीमाबीकडे बघून म्हणाली, “वहिनी रोज बोलते. म्या म्हटलं, बापाचं हक्काचं घर हाय, तिथं तरी पोटभर खाईन.” आणि बाबा, तेही हलीमाबीलाच, “नवी बाई कशी निघन, कोनाले ठाऊक. सख्ख्या मायजवळ बरी राहीन म्हटलं.” म्हणजे दोघांनीही मला नाकारलं ते माझ्याच भल्यासाठी, आणि दोघांनीही दुसऱ्याला ते विचारलं नाही. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. इतकं साधं होतं हे? यासाठी मी आठवडाभर धड जेवले नव्हते?

हलीमाबीने तांब्याभर पाणी आणलं. माय एरवी तिच्या घरचं पाणी प्याली नसती, बाबाही नसते, तो काळ तसा होता. त्या दिवशी दोघेही एकाच तांब्याने प्याले. मग तिने तिची अट घातली. पोर एकटी गाडीत बसणार नाही. शनिवारी बापाने इथपर्यंत आणायची, आईने इथून न्यायची, सोमवारी उलटं. आणि देताना दोघांनी आपापल्या तोंडाने बोलायचं, पण फक्त पोरीबद्दल. बाबा म्हणाले, पंचांची बंदी आहे. ती म्हणाली, “पंच माह्या दारात येत नाईत. तुमची काडी तुमी मोडली, त्यात ही पोट्टी कुठं होती?”

माझी मुलगी आज तिच्या नवऱ्यापासून वेगळी राहते. दोघे शिकलेले, नातवाचं वेळापत्रक फोनवर दोघांना दिसतं, कुठे डॉक्टर, कुठे क्रिकेट, सगळं. कोर्टातल्या एका बाईंनी त्यांना चार वेळा बसवून हे शिकवलं. मी त्यात नाक खुपसत नाही. एकदाच विचारलं, पोराच्या हाती काही सांगून पाठवत नाहीस ना? ती म्हणाली, आई, असं कोण करतं?

माझ्या आईबाबांना मात्र हे शिकायला फार जड गेलं. पहिल्या शनिवारी दोघे बाजेच्या दोन टोकांना बसले आणि हलीमाबीला सांगत राहिले. ती वैतागून चुलीकडे गेली, तेव्हा बाबांनी बकरीकडे बघून सांगितलं की पोरीला परवा ताप होता आणि गोळी सकाळी दिली आहे. मायनेही बकरीलाच विचारलं, कोणती गोळी. हलीमाबी आतून इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या वेळी माय फ्रॉकवरून बाबांच्या बहिणीवर घसरली आणि बाबा उठून चालायला लागले. हलीमाबीने त्यांना फाट्यावरून परत आणलं आणि मायला बजावलं की नणंद इथे आणायची नाही, इथे फक्त सुमन. पंचांपर्यंत बातमी गेली, एक जण रिसोडला ओट्यावर येऊन बाबांना बोलून गेला. बाबा मशीन चालवत राहिले. पुढच्या शनिवारी ते वेळेआधी फाट्यावर होते.

नवी आई घरात यायच्या आधीचा तो शनिवार. माय आली, बाजेवर बसली. मी खाली बसून भाकर खात होते. बाबांचं खोकला, कफ, पाढे सगळं सांगून झालं. मग त्यांनी मायकडे बघितलं, बकरीकडे नाही, हलीमाबीकडे नाही, आणि म्हणाले, “एक विचारतो. ही झोपेत बोलते. तुमच्याकडंबी बोलते का?”

माय दचकली. “बोलते. उठून बसते अन् बोलते. तुमच्याकडं काय म्हन्ते?”

“सांगते, सांगते, असं म्हन्ते. रोज.”

“माह्याकडंबी तेच,” माय म्हणाली.

माझा घास हातात राहिला. मी झोपेत बोलते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. रिसोडला बाबा ऐकत होते, शिरपूरला माय ऐकत होती, दोन वर्षं, आणि प्रत्येकाला वाटत होतं हे आपल्याच घरी होतं. दोघेही माझ्याकडे बघत होते. मायने डोळ्यांना पदर लावला नाही, ती सरळ बाबांशी बोलली.

“आता आपुन सांगत जाऊ. हिले झोपू द्या.”

बाबा हो म्हणाले.